द्राक्षबागा, वाईन आणि कॅन्सर: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी मी कोण ते सांगते म्हणजे नंतर कुणी "मॅडम तुम्ही डॉक्टर का?" विचारायला नको. नाही, डॉक्टर नाहीये. माहेर नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातलं, निफाड तालुक्यातलं, सासर शिवडीचं, कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. शिवडीवरून परळचं टाटा हॉस्पिटल टॅक्सीच्या मिनिमम भाड्यात येतं, त्यामुळे लग्न झाल्यापासून गावाकडचं कुणीही तपासायला आलं की आमच्याकडेच उतरतं, आमच्या हॉलमधला दिवाण म्हणजे अर्ध्या तालुक्याची धर्मशाळा झालीय (तक्रार नाही, फक्त सांगतेय). रात्री जेवताना सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. फॅमिली ग्रुपवर तर महिन्यातून एकदा कुणीतरी "द्राक्षवाल्या गावांत कॅन्सर" असा फॉरवर्ड टाकतंच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आमच्या गावात कॅन्सर खूप वाढलाय, खरंय ना?

मलापण हेच वाटायचं. पहिल्या पाच-सहा वर्षांत माहेरच्या गावातले आणि शेजारच्या दोन गावांतले मिळून इतके पेशंट आमच्या दारात आले की मी आईला फोनवर म्हटलं, गावात काहीतरी भयंकर चाललंय. मग डोक्यात उजेड पडला, की अगं बाई, ज्यांना काही झालं नाही ते शिवडीला कशाला येतील? माझ्या हॉलमध्ये बसून बघितलं तर अख्खं गाव आजारी दिसणारच.

आता हिशोब बघा. आयसीएमआरच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात साधारण १४ लाख ६१ हजार नवे कॅन्सर पेशंट होते, म्हणजे दर लाख माणसांमागे वर्षाला जवळपास १००. पाच हजार वस्तीचं गाव धरलं तर वर्षाला सरासरी ५ नवे पेशंट, काहीही वेगळं कारण नसताना. पण सरासरी ५ म्हणजे दरवर्षी बरोब्बर ५ नाही, एखाद्या वर्षी २ निघतील एखाद्या वर्षी ८. अशी १०० गावं घेतली तर दरवर्षी त्यातल्या सहा-सात गावांत ९ किंवा जास्त पेशंट निघतील, निव्वळ योगायोगाने! आणि त्या सहा-सात गावांतल्या लोकांना कुणीही सांगून पटणार नाही की हा योगायोग आहे, कारण त्यांच्या गल्लीतली माणसं गेलीयत.

याचा अर्थ वाढ नसतेच असा नाही हं. याचा अर्थ एवढाच की गल्लीत मोजून ते कळत नाही.

मग कसं मोजतात? "इन्सिडन्स" म्हणजे नक्की काय?

एका ठरावीक भागात, एका वर्षात, किती *नवे* पेशंट सापडले, भागिले तिथली लोकसंख्या. किती वारले तो वेगळा आकडा, किती जण सध्या आजार घेऊन जगतायत तो तिसरा. फॉरवर्डमध्ये तिन्हींची मिसळ केलेली असते, वर तर्री.

यासाठी कॅन्सर रजिस्ट्री लागते, म्हणजे एका भागातल्या सगळ्या पेशंटची नोंदवही. आपल्या देशातली पहिली मुंबईत सुरू झाली, १९६३ मध्ये, इंडियन कॅन्सर सोसायटीने केली. लोकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे मुंबईच्या आकड्यात मुंबईत *राहणारे* पेशंट धरतात, मुंबईत उपचार घेणारे नाही. म्हणजे आमच्या दिवाणावर झोपून परळला केमो घेणारे निफाडचे आण्णा मुंबईच्या इन्सिडन्समध्ये येत नाहीत. आणि २०१२ ते २०१६ च्या आकड्यांवर २०२० मध्ये जो राष्ट्रीय अहवाल आला त्यातल्या रजिस्ट्र्यांमध्ये मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी, उस्मानाबाद-बीड होतं, नाशिक नव्हतं. मग आण्णा कुठे मोजले गेले? त्या अहवालात तरी कुठेच नाही.

त्याच अहवालात पुरुषांचा सगळ्यात जास्त दर आयझॉलचा, लाखामागे २६९.४, आणि सगळ्यात कमी उस्मानाबाद-बीडचा, ३९.५. (वयाचा फरक काढून टाकलेले आकडे आहेत हे, नाहीतर म्हाताऱ्यांचं गाव उगाच बदनाम होतं.) मिझोराममध्ये काही निफाडसारख्या द्राक्षबागा पसरलेल्या नाहीत, तिथे तंबाखू प्रचंड आहे. तेव्हा बाग दिसली की लगेच बोट दाखवू नका एवढंच.

पण फ्रान्समध्ये तर सिद्ध झालंय म्हणे?

अर्धवट. काय झालंय ते नीट सांगते कारण फॉरवर्डमध्ये याचीच वाट लावलेली असते.

बोर्डो शहराच्या आसपासचा भाग म्हणजे जिरोंद, नजर जाईल तिथपर्यंत वाईनच्या बागा. तिथे प्रेन्याक नावाचं गाव आहे, शाळा अगदी वेलींना खेटून. तिथल्या मुलांमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त कॅन्सर सापडले म्हणून सरकारी चौकशी झाली, २०१५ मध्ये अहवाल बाहेर आला. निष्कर्ष काय, तर जास्त आहेत, औषध फवारणीचा हात नाकारता येत नाही. नाकारता येत नाही म्हणजे सिद्ध झालं नाही, पण शाळेत पोर पाठवणाऱ्या आईला या दोन वाक्यांतला फरक सांगायची माझी तरी हिंमत नाही.

एका गावावरून काही ठरत नाही म्हणून मग मोठा अभ्यास झाला, इन्सेर्म या त्यांच्या आरोग्य संशोधन संस्थेचा, २०२३ मध्ये छापून आला. २००६ ते २०१३ मध्ये ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेली १५ वर्षांखालची सगळी मुलं, ३,७११, आणि तुलनेला ४०,१९६ इतर मुलं. प्रत्येकाच्या घराभोवती १ किलोमीटरपर्यंत किती जमीन द्राक्षबागेखाली आहे ते नकाशावरून मोजलं. आता उत्तर नीट वाचा: नुसती जवळ बाग आहे की नाही याचा संबंध दिसला नाही. पण घराभोवती बागेचं *क्षेत्र* जसं वाढत गेलं तसा लिम्फोब्लास्टिक या एका प्रकारच्या ल्युकेमियाचा धोका थोडा थोडा वाढताना दिसला. थोडा म्हणजे खरंच थोडा, आणि मुळात मुलांमधला ल्युकेमिया हा दुर्मीळ आजार, त्यामुळे दुर्मीळचा किंचित कमी दुर्मीळ झाला. तरी मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण जास्त बाग जास्त धोका अशी चढती शिडी दिसली की योगायोग म्हणून झटकता येत नाही.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पेस्टिरीव्ह नावाचा फ्रान्सचाच सरकारी अभ्यास आला. सहा वाईन प्रदेश, १,९४६ मोठी माणसं, ७४२ मुलं. लघवी, केस, घरातली धूळ, हवा, सगळं तपासलं. बागेपासून ५०० मीटरच्या आत राहणारे विरुद्ध कुठल्याही पिकापासून १ किलोमीटरपेक्षा लांब राहणारे. जवळच्यांच्या अंगात आणि घरात औषधं जास्त सापडली, आणि फवारणीच्या सीझनमध्ये अजून जास्त. पण यात कॅन्सर मोजलेलाच नव्हता! फक्त शरीरात किती जातंय ते मोजलं. आमच्या ग्रुपवर आला तेव्हा मथळा होता "द्राक्षांजवळ राहिल्याने कॅन्सर, फ्रान्सची कबुली". मी रागाने फोन ठेवून दिला.

शेतकऱ्यांना स्वतःला जास्त होतो का?

इथे उत्तर ऐकून लोक गोंधळतात. फ्रान्समध्येच ॲग्रिकान म्हणून अभ्यास आहे, शेतीशी संबंधित १ लाख ८० हजारांहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलंय. त्यांच्यात एकूण कॅन्सर बाकी लोकांपेक्षा थोडे *कमीच* निघाले, कारण ते सिगारेट कमी ओढतात, अंगमेहनत जास्त. पण काही ठरावीक कॅन्सर जास्त: प्रोस्टेट, मल्टिपल मायलोमा (हाडांच्या मगजातला कॅन्सर) वगैरे. म्हणून "एकूण कमी आहे बघा, औषधं सेफ" म्हणणारा कंपनीचा माणूस आणि "शेतकरी कॅन्सरने मरतायत" म्हणणारा कार्यकर्ता, दोघं एकाच अभ्यासाचा एकेक तुकडा हातात घेऊन भांडत असतात.

फ्रान्स सरकारने फवारणीशी जोडून शेतीतल्या लोकांचे काही आजार कामामुळे झालेले आजार म्हणून मान्य केलेत, २०१२ मध्ये पार्किन्सन्स, २०१५ मध्ये नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), २०२१ मध्ये प्रोस्टेट कॅन्सर. म्हणजे तिथल्या माणसाला भरपाई मागता येते. आपल्याकडे आण्णांच्या केसपेपरवर "व्यवसाय: शेती" एवढंच लिहिलेलं, आणि मामीच्या केसपेपरवर "गृहिणी", जी मामी सीझनभर पहाटेपासून बागेत घड डिपिंग (एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) करत असते.

पूर्वी याचा पक्का पुरावा मिळालेली एखादी केस आहे का?

आहे ना, आणि मला वाटतं ही गोष्ट सगळ्यांनी वाचायला हवी. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी आणि कायझरश्टूल भागात १९२० च्या दशकात किडीसाठी वेलींवर आर्सेनिकची औषधं मारायला लागले. १९४२ मध्ये बंदी आली. पण त्वचेचे, फुप्फुसाचे, लिव्हरचे कॅन्सर दिसत राहिले नंतर कितीतरी वर्षं, फवारणारा माणूस म्हातारा झाल्यावर. आणि नुसत्या फवारणीने नाही, तिथे वाईन काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यात पाणी घालून घरच्यांसाठी आणि मजुरांसाठी स्वस्त पेय करायचे, त्यात आर्सेनिक उतरायचं, आणि ते लोक लिटरने प्यायचे. चांगली वाईन विकायला, चोथा घरच्यांना. आपल्याकडे एक्स्पोर्टचा माल पेटीत आणि फुटका माल घरात, तसंच.

फ्रान्समध्ये सोडियम आर्सेनाईट वेलीच्या खोडाच्या रोगासाठी २००१ पर्यंत वापरात होतं, मग बंद केलं. आज दिसणारा कॅन्सर वीस-तीस वर्षांपूर्वीच्या औषधाचा असू शकतो, आणि आज मारतोय त्याचा हिशोब आपली मुलं करतील.

द्राक्षालाच एवढी फवारणी का लागते?

बुरशी. डाऊनी, भुरी, करपा. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर जरा ढगाळ झालं किंवा बेमोसमी पाऊस आला की मामाचा चेहरा बघवत नाही, एका रात्रीत डाऊनी येऊन कोवळे घड जातात, मग दिवसाआड ब्लोअर (फवारणीचं यंत्र). शेजारचा मारतोय म्हणून आपण मारायचं हेही असतंच. गहू-बाजरीवाल्याला हे कळणार नाही.

मग आता मारतात त्यातलं कुठलं औषध कॅन्सरचं?

डब्ल्यूएचओची आयएआरसी ही संस्था वर्गवारी करते. २०१५ मध्ये ग्लायफोसेट आणि मॅलाथिऑन "बहुधा कॅन्सरकारक" गटात घातले. युरोपात फॉलपेट हे बुरशीनाशक संशयितांच्या यादीत आहे, वाईन बागांमध्ये भरपूर वापरतात. मॅन्कोझेब, म्हणजे आपलं घरोघरचं एम-४५, त्याची परवानगी युरोपने २०२० च्या शेवटी संपवली, हॉर्मोन बिघडवणं आणि गर्भावरचा परिणाम ही मुख्य कारणं, कॅन्सर नाही.

एक गोष्ट डोक्यात ठेवा. गट म्हणजे पुरावा किती पक्का आहे ते, धोका किती मोठा आहे ते नाही. आर्सेनिक, सिगारेट, डिझेलचा धूर आणि दारू चौघं पहिल्या गटात आहेत म्हणून चौघं सारखेच घातक असं होत नाही.

मी सेंद्रियवाला आहे, फक्त बोर्डो मारतो. मला काय?

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. याची गोष्ट मजेशीर आहे, फ्रान्समध्ये मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडायचे, येणाऱ्याजाणाऱ्याने घड चोरू नये म्हणून, आणि मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर डाऊनी नाही. १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. पण १९६९ मध्ये पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्यांच्या फुप्फुसाचा एक वेगळाच आजार डॉक्टरांनी नोंदवला, "द्राक्षबाग फवारणाऱ्याचं फुप्फुस" अशाच नावाने. तेव्हा मास्क लावा. सेंद्रिय असलं तरी फुप्फुसात जायची वस्तू नाही ती.

आणि वाईन? ती तर हार्टला चांगली ना?

२०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा विषय निघाला तेव्हा "वाईन म्हणजे दारू नाही" हे आपण सगळ्यांनी ऐकलं. शरीराला राजकारण कळत नाही, त्याला इथेनॉल कळतं. १५० मिलीच्या वाईनच्या ग्लासात साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असतं, ३३० मिलीच्या बिअरच्या बाटलीत १३. एकच. आयएआरसीने दारूला १९८८ मध्येच पहिल्या गटात टाकलंय. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन. रोजच्या १० ग्रॅममागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. रेड वाईनमधलं ते रेस्वेराट्रॉल, ज्याच्या नावाने वाईन हार्टला चांगली म्हणतात, लिटरमागे काही मिलिग्रॅम असतं, त्यासाठी पिणं म्हणजे जिऱ्यासाठी वडापाव खाणं.

हे इथे का आणलं? कारण वाईनच्या गावात कॅन्सर जास्त दिसला तर तो बागेतून आला की ग्लासातून हे आधी वेगळं करावं लागतं. म्हणून तर मुलांवरचे अभ्यास महत्त्वाचे, पोरं वाईन पीत नाहीत.

फ्रान्सचं निफाड-दिंडोरीला लागू होतं का?

जसंच्या तसं नाही. पहिलं, आपल्याकडे वाईनची द्राक्षं म्हणजे शेनिन ब्लां, शिराझ वगैरे अगदी थोडी, बाकी सगळी खायची, थॉमसन, सोनाका, शरद. खायचा घड सुंदर दिसायला लागतो, त्यामुळे डिपिंग वगैरे हातानेच करायची कामं खूप, तिथे वाईनच्या बागेत एवढं लाडाकोडाचं काम नसतं. दुसरं, आपल्याकडे माणूस बागेजवळ नाही, बागेत राहतो. घर बागेच्या मध्ये, औषधांचे डबे पडवीत, पंप धुवायचा तो विहिरीच्या काठावर. ५०० मीटर कसले, ५ फूट.

तिसरं मला सगळ्यात टोचतं. सीझनला पेठ, सुरगाणा, हरसूलकडून मजुरांच्या टोळ्या येतात, छाटणी, पेस्ट, डिपिंग तेच करतात, काम संपलं की परत डोंगरात. उद्या आमच्या तालुक्याची रजिस्ट्री झाली तरी ते त्यात नसतील, कारण रहिवासी नाहीत. सगळ्यात जास्त औषध ज्यांच्या अंगावर पडतं तेच मोजणीतून गळणार आणि आकडा छान येणार.

छाटणीनंतर पेस्ट लावून आलेल्या माणसाला दारू घेतल्यावर चेहरा लाल, छातीत धडधड होते. हा कॅन्सर आहे का?

नाही, पण हसण्यावारी नेऊ नका. त्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाईड असतं, छाटलेल्या काडीचे डोळे फुटावेत म्हणून लावतात ते, अंगात गेलं असताना दारू प्याली की शरीराला ती पचवता येत नाही. जोरात रिॲक्शन येऊ शकते. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारू पूर्ण बंद, आणि त्रास झालाच तर दवाखाना, लिंबूपाणी नाही.

आम्ही मुंबईत राहतो, दादरला द्राक्षं घेतो. त्यावरची पांढरी पावडर औषधाची ना?

बहुतेक वेळा नाही. ती लव असते, फळाचं स्वतःचं मेण, उलट लव शाबूत म्हणजे माल ताजा आणि कमी हाताळलेला. निळसर-पांढरे ओघळलेले डाग दिसले तर ते औषधाचे असू शकतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. वरवरचं बरंच जातं, आत शोषलेलं जात नाही. पण शेतातल्या माणसाच्या अंगावर पडणाऱ्याच्या तुलनेत हे नगण्य आहे, तेव्हा फेब्रुवारीत द्राक्षं सोडून बिस्किटं खाऊ नका प्लीज.

आमचं घर बागेतच आहे. काय करू सांगा.

घर हलवता येत नाही हे मला माहितीय. ब्लोअर चालू असताना आणि नंतर काही वेळ खिडक्या बंद, पोरं आणि वाळत घातलेले कपडे आत. वारा असेल तर फवारणी नाही. औषध कालवताना हातमोजे, कारण सगळ्यात तीव्र डोस तिथेच लागतो, मामा अजून काठी सापडली नाही की हातानेच ढवळतो. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, आणि धुणाऱ्या बाईनेपण हातमोजे घालायचे, तिचा विचार कुणी करत नाही. रिकामे डबे फोडून टाका, पाण्याला वापरू नका.

आणि खरं सांगू? माझ्या दिवाणावर झोपून गेलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांचा आजार तोंडाचा होता, आणि त्यांच्या खिशात पुडी होती. औषधाबद्दल दोन तास बोलायचे, चुना मळत. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती करून घ्या.

हॉस्पिटलला येताना काय आणू?

रिपोर्ट, आधारकार्ड, आणि फवारणीची वही. एक्स्पोर्ट करणाऱ्या प्रत्येकाकडे ती असते. २०१० मध्ये लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपातून माल परत आला तेव्हापासून मामा कुठल्या तारखेला कुठलं औषध किती मिली, पाऊस होता का, सगळं लिहितो, अक्षर डॉक्टरांपेक्षा चांगलं. पंधरा वर्षांच्या वह्या कपाटात आहेत. त्या हॉलंडमधल्या कुणीतरी खाणाऱ्या माणसासाठी लिहिल्यात, त्यात प्लॉट नंबर आहे, पण ज्याने पंप चालवला त्याचं नाव नाही. मागच्या दिवाळीला मी मामाला म्हटलं, एक रकाना वाढव, कोणी मारलं आणि कोणी कालवलं. तो म्हणाला, कशाला गं, सगळं मीच तर मारतो. मामी आतून म्हणाली, आणि कालवतं कोण?

रकाना वाढवलाय आता. मामीच्या अक्षरात आहे.